बँकेच्या डोक्यावरचा झाडू

झाडू माझा होता, हे आधीच सांगून टाकते. लांब दांड्याचा, एका बाजूने झिजलेला, दांड्याला लाल चिकटपट्टी. पट्टी मीच लावली होती, कारण साइटवर कॅन्टीनचा झाडू कोणीही उचलतं, सिमेंट झाडतं आणि वर तोंड करून म्हणतं, "मावशी, हा तुमचा कशावरून?" त्यामुळे तो बँकेच्या टॉवरच्या टोकाला बांधलेला दिसला, तेव्हा रिंग रोडवरच्या गाडीवाल्यांना नुसता झाडू दिसत असेल. आमच्या साइटवर मात्र पोरासोरालाही कळलं, की हा बेपमावशीचा झाडू आहे.

बेप म्हणजे मीच. अ‍ॅमस्टरडॅमच्या दक्षिणेला, जिथे आता बँका आणि वकिलांचे काचेचे टॉवर उभे आहेत, तिथे त्या वर्षी मी कामगारांची कॅन्टीन चालवत होते. पत्र्याची लांब केबिन, आत बाकं, एक शेगडी, एक कॉफीचं यंत्र. सकाळी अंडी आणि पाव, दुपारी मटाराचं घट्ट सूप, आणि जेवणाबरोबर ज्याला हवं त्याला ताक. थंडी असो, बर्फ असो, आमच्या लोकांना ताक लागतंच.

त्या जागेवर पूर्वी फुटबॉलची मैदानं होती आणि लोकांचे भाजीचे वाफे. नगरपालिकेला वाटत होतं, बँकांनी नदीकाठी, स्टेशनामागे जावं. बँकांना विमानतळ जवळ हवा होता. पैसेवाल्याला जिकडे जायचं तिकडे तो जातो, आणि नगरपालिका मागून नकाशा घेऊन पळते. वाफे उठले, वाळूचे ट्रक आले, आणि मग दिवसभर खांब ठोकल्याचा आवाज. इथली जमीन म्हणजे भिजलेला स्पंज. आधी खांब खोल ठोकायचे, मगच वर काही उभं करायचं. पहिला खांब ठोकला तेव्हा माझा नवरा लामर्ट तिथे हजर होता. तो सळया बांधणारा. आमचं घर समोरच, रस्ता ओलांडला की बाउटनफेल्डर्ट वस्तीतल्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. "बेप," तो म्हणाला होता, "आयुष्यभर सायकल मारली, आता घरातून चपला घालून कामावर जाईन." गेलाही. वर्षभर. मग जानेवारीत बर्फाळलेल्या फळीवरून त्याचा पाय सरकला आणि तो दोन मजले खाली आला. कोणाची चूक नव्हती. फळी नीट होती, कमरेला बांधायचा दोर नीट होता, फक्त एका फळीवरून दुसरीवर जाताना त्याने तो क्षणभर सोडला होता, सगळेच सोडतात. पाठीचा कणा गेला. कमरेखाली काही उरलं नाही.

वसंतात तो घरी आला, चाकाच्या खुर्चीत. आणि घरी आल्या आल्या म्हणाला, "पडदा लाव."

आमच्याकडे दिवसा पडदा लावत नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला आपली बैठक, आपली कुंडी, आपलं मांजर दिसलं पाहिजे, लपवायला आहेच काय? दिवसा पडदा ओढलेला म्हणजे घरात मयत. दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईने दार वाजवलं. "बेप, कोण गेलं गं?" मी म्हटलं, "कोणी गेलं नाही, ऊन लागतं त्याला." उत्तरेकडची खिडकी आमची. ऊन कुठलं डोंबलाचं. त्या खिडकीतून टॉवर दिसायचा, एवढंच.

सुरुवातीला साइटवरची माणसं भेटायला यायची. क्रेन चालवणारा सीम यायचा, मुकादम कूर्ट यायचा. सीम फोलेंडामचा, मासेमारांच्या घरातला. त्याचा आवाज क्रेनच्या केबिनमधून फोनशिवाय खाली ऐकू येतो. तोच सीम आमच्या घरात आला की चर्चमध्ये आल्यासारखा बोलायचा. सगळे हळू बोलायचे, पायांवरच्या चादरीकडे बघायचे आणि मग बघितलं नाही असं दाखवायचे. पुढे लामर्ट मला सांगायला लागला, "झोपलोय म्हण." मी तसं म्हणायचे. पोट भरायचं म्हणून कॅन्टीनवर जायचे, परत यायचे, त्याला उचलायचे, पुसायचे, जेवायला द्यायचे. तो पडद्याकडे तोंड करून बसलेला. भांडण नाही, तक्रार नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं मला.

माझी सगळी भिस्त एकाच गोष्टीवर होती. टॉवर माथ्याला पोचला की झेंडा चढतो आणि इमारतीचा मालक सगळ्यांना बिअर पाजतो. ही रीत आजोबांच्या आधीपासूनची. गोठा बांधा नाहीतर बँक, माथा झाला की बिअर. आणि मालकाने हात आखडता घेतला, तर झेंड्याच्या जागी झाडू. मग येणारा-जाणारा बघतो आणि म्हणतो, हा बघा चिंधीचोर.

सगळे म्हणायचे, "मावशी, बिअरच्या दिवशी लामर्टला आणा. मधोमध बसवू." मी रोज संध्याकाळी लामर्टला सांगायचे, अमुक मजला झाला, तमुक मजला झाला, झेंड्याच्या दिवशी तुला नेणार. तो काही बोलायचा नाही. मी मनाशी म्हणायचे, 'नाही' असं तर म्हणत नाही ना! एकदा त्या गोंगाटात गेला, की आपोआप माणसात येईल. एवढा एक दिवस पदरात पडू दे, पुढचं मी बघते.

सप्टेंबरात माथा झाला. आणि त्याच आठवड्यात तेरविंट साहेब कॅन्टीनमध्ये आले.

तेरविंट म्हणजे बँकेतर्फे बांधकाम बघणारे साहेब. उंच, बारीक, नाकात बोलणारे. पाव काट्या-चमच्याने खायचे. हेल्मेट असं घालायचे की जणू कोणी उसनं दिलंय. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "माथा वेळेत पूर्ण केलात, बँक आभारी आहे. पण या इमारतीवर बिअरचा कार्यक्रम होणार नाही. प्रत्येकाला एकेक केक मिळेल."

आधी कोणाला कळलंच नाही. मग कूर्टने विचारलं, "होणार नाही म्हणजे कधी होणार?"

"होणारच नाही."

"कारण?"

"कारण विचारू नका."

"केक!" सीम ओरडला. "मी काय तुमच्या आत्याच्या वाढदिवसाला आलोय?"

एकच गलका झाला. मी शेगडीमागून पुढे आले. माझ्या हातात सूपाचा डाव होता, तो तसाच. म्हटलं, "साहेब, मजल्यावर मजले चढवले या लोकांनी, माझा नवरा त्यात अर्धा गेला, आणि तुमच्या तिजोरीतून चार पिंपं निघत नाहीत? कारण मला सांगा. मला तरी सांगा."

त्यांचे कान लाल झाले. माझ्याकडे एक क्षण बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही तर मुळीच विचारू नका, बाई."

आणि गेले. तुम्ही तर मुळीच! मला वाटलं, कॅन्टीनवाली म्हणून माझी लायकी काढली. माझं डोकं असं फिरलं की सूप करपलं. त्या दिवशी सगळ्यांनी करपलेलं सूप मुकाट्याने खाल्लं, इतके सगळे तापलेले होते. केकचे खोके आले, ते कोणी उघडले नाहीत. कावळ्यांची चंगळ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिन उघडली तर कोपऱ्यात झाडू नाही. बाहेर येऊन वर बघितलं. टॉवरच्या टोकाला, ढगात घुसल्यासारखा माझा झाडू उभा. कोणी बांधला ते मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सगळ्यांनीच हात वर केले असते.

काय सांगू तुम्हाला! रिंग रोडवरून जाणारे ट्रकवाले भोंगे वाजवायला लागले. शेजारच्या साइटवरचे लोक दुपारच्या सुट्टीत मुद्दाम बघायला आले. वर्तमानपत्रात फोटो आला. तेरविंट साहेब साइटवरून चालले, की कोणीतरी जिभेने झाडल्याचा आवाज काढायचं, सुर्र, सुर्र. त्यांच्याच बँकेतले कोट-टायवाले त्यांना हसायचे म्हणे. माणूस मात्र एक शब्द बोलायचा नाही. खाली मान घालून यायचा, खाली मान घालून जायचा. मी म्हणायचे, लाजतोय, लाजू दे.

घरी जाऊन मी लामर्टला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तो म्हणाला, "कोणता झाडू? आपला, लाल पट्टीचा?"

"तोच! बघतोस?" आणि त्याने नको म्हणायच्या आत मी पडदा हातभर सारला.

त्याने बघितलं. आणि हसला. देवाशप्पथ, हसला. जानेवारीपासून तो आवाज मी ऐकला नव्हता. मी वेड्यासारखी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्याचं हसू मधेच थांबलं. म्हणाला, "तेरविंट काय म्हणतो?"

"काय म्हणणार? त्याच्याकडे तोंड आहे का काही म्हणायला?"

"काढायला सांग तो झाडू, बेप."

"का? तू कधीपासून बँकेच्या बाजूचा झालास?"

"काढायला सांग," एवढंच तो म्हणाला, आणि मला पडदा ओढायला लावला. मला वाटलं, टॉवर बघून त्रास झाला. मी मनात तेरविंटला आणखी एक शिवी दिली.

असे तीन आठवडे गेले. मग ठेकेदार कंपनीचा मालक स्वतः मोटारीतून उतरला. कूर्टला बाजूला घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "सोमवारी हा झाडू वर दिसला, तर शेजारचा दुसरा टॉवर या टोळीला नाही. दुसरी माणसं आणतो. आणि ती कॅन्टीनही बंद. झाडू कोणाचा आहे ते मला कळलंय."

कूर्टने टोपीखालून डोकं खाजवलं. "काढतो की साहेब. पण वर जायला क्रेनची टोपली लागणार. सीम, कसं आहे वर?"

सीमने बोट तोंडात घातलं, ओलं केलं, हवेत धरलं. झाडाचं पान हलत नव्हतं. "वारा आहे," तो म्हणाला. "भयंकर वारा आहे. एवढ्या वाऱ्यात टोपली सोडली तर माझं लायसन्स जाईल."

मालक पाय आपटत गेला. सगळे हसले. पण हसून झाल्यावर कोणी कोणाकडे बघेना. दुसरा टॉवर म्हणजे पुढच्या दोन हिवाळ्यांचं काम. बहुतेकांच्या घरी लहान पोरं. हे सगळे ते काम माझ्या लामर्टच्या बिअरसाठी पणाला लावून बसले होते, तोंडाने म्हणत नसले तरी. मला रात्री जेवण जाईना. शुक्रवारी दुपारी मी एप्रन काढला आणि तेरविंटच्या ऑफिसच्या केबिनमध्ये घुसले.

ते एकटेच होते. टेबलावर कॉफी आणि बशीत एक बिस्किट. एकच. मनात म्हटलं, बघा, स्वतःलाही दुसरं घेत नाही.

"बसा, बाई."

"बसायला नाही आले. साहेब, झाडू माझा आहे. मला काढून टाका, कॅन्टीन घ्या. पण माणसांचं काम नका घालवू. आणि बिअर द्या त्यांना. जास्त नको, एक पिंप द्या, मी विकत घेते हवं तर. माझा नवरा घरात कुजतोय. त्या दिवशी तो बाहेर येणार होता. मी नऊ महिने त्याच एका दिवसाची वाट बघत काढलेत. तुमच्या दृष्टीने दारूचा खर्च असेल, माझ्या दृष्टीने माझा माणूस आहे हो!"

बोलता बोलता मला रडू आलं, त्याचा मला आणखी राग आला.

तेरविंट उठून उभे राहिले. हाताने बिस्किट बशीत फिरवत होते. म्हणाले, "कामाबद्दल मी ठेकेदाराशी बोललोय. ते जाणार नाही. मी जाईन हवं तर."

"मग बिअर?"

"नाही देता येत."

"बँक देत नाही?"

"बँकेने उन्हाळ्यातच मंजूर केली होती. मीच मागितली होती."

"मग घोडं अडलं कुठे?"

"बाई, मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं. पण माणसाचे डोळे काही कंपनीच्या नियमाने चालत नाहीत. ते खिडकीकडे गेले. मीही बघितलं. रस्त्यापलीकडे आमची इमारत. सगळ्या खिडक्या उघड्या, कुंड्या, दिवे, मांजरं. पाचव्या मजल्यावर एका खिडकीला पडदा.

मी त्या पडद्याकडे बोट केलं.

"लामर्टला?" मी म्हटलं.

त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नुसतं म्हणाले, "मी इस्पितळात जायचो त्याच्याकडे, नंतर घरीही, तुम्ही इथे कामावर असायचात तेव्हा. चांगला माणूस आहे. त्याने मागितलेली ही एकच गोष्ट."

काखेत कळसा नि गावाला वळसा. मी गावभर शंख केला, ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले, वर्तमानपत्रात छापून आलं, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी. या माणसाने तीन आठवडे सुर्र सुर्र ऐकून घेतलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. मी माफी मागायला हवी होती. मागता आली नाही. मी तशीच बाहेर पडले आणि रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

घरात शिरले ती सरळ लामर्टसमोर जाऊन उभी राहिले. कोटही काढला नाही.

"तू सांगितलंस बिअर नको म्हणून?"

त्याने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलला नाही, एवढं खरं. "तेरविंटने सांगितलं?"

"त्याने नाही सांगितलं! तो मेला तरी सांगणार नव्हता! तू सांग!"

"हो. मी सांगितलं."

"का?"

त्याने पडद्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "मला मधोमध बसवणार होते ना? मधोमध बसवतील. मग सगळे हळू आवाजात बोलतील. सीमसुद्धा. माझ्याकडे बघतील, मग बुटांकडे बघतील. कोणी जोक सांगायला लागला की दुसरा त्याला कोपर मारेल. माझ्यासमोर बिअर पिताना त्यांना लाज वाटेल, बेप. मी असलो की त्यांची बिअर कडू होणार, आणि नाही आलो तरी कडू होणार. म्हटलं, नकोच. एवढंच."

"एवढंच?" मी ओरडले. भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल, जाऊ दे. "एवढंच म्हणतोस? तुझ्या लाजेपायी तिकडे माणसांची कामं जाणार होती! तो नाकात बोलणारा साहेब तुझ्यासाठी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातोय आणि तू इथे पडदा लावून बसलास! मी तुझं ढुंगण पुसते, त्याची तुला लाज नाही, आणि सीमसमोर बिअर प्यायची लाज?"

"त्याचीही आहे," तो म्हणाला.

मी थांबले. ते मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत असायला हवं होतं.

खाली बसले, कोटासकट, जमिनीवरच, त्याच्या खुर्चीच्या चाकाला टेकून. मग मी उठले आणि पडदा पूर्ण सारला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. समोर टॉवर, वर झाडू.

"तो बँकेचा नाही," मी म्हटलं. "तुझा आहे. तुझ्या डोक्यावर आहे तो. काढायचा असेल तर तू काढ. मी कोणाला सांगणार नाही, ना हे, ना ते. तेरविंटसारखी गप्प बसेन." आणि स्वयंपाकघरात जाऊन मी बटाटे सोलले. गरजेपेक्षा फार जास्त सोलले.

शनिवार-रविवार तो खिडकीशी बसून होता. मी पडदा लावला नाही आणि त्यानेही लाव म्हटलं नाही. मी आशा सोडली होती, खरं सांगते. सोमवारी पहाटे उठले, तर हा जागा. म्हणाला, "माझं कामाचं जाकीट कुठे टाकलंस?"

"कपाटात."

"आणि हेल्मेट?"

"तेही."

"मग उभी काय राहिलीस? दे."

जाकीट त्याला ढगळ झालं होतं. मी बटणं लावून दिली. लिफ्टने खाली आलो, रस्ता ओलांडला, साइटच्या फाटकाशी पोचलो. पुढे चिखल. फाटकावरच्या माणसाने आम्हाला बघितलं आणि आत पळाला. थोड्या वेळात कूर्ट आणि चौघं-पाचजण फळ्या घेऊन आले आणि खुर्चीपुढे फळ्या टाकत चालले, मागच्या उचलायच्या, पुढे टाकायच्या. केबिनसमोर सगळे जमले होते. आणि लामर्ट आला तसं एकेकाने हेल्मेट काढलं. प्रेतयात्रा जाताना काढतात तसं.

मी लामर्टच्या मानेकडे बघत होते. ती मान आखडत चालली होती. हेच, हेच ते, ज्याला तो घाबरत होता. मला वाटलं, खुर्ची फिरवावी आणि पळावं.

"हेल्मेट घाला," लामर्ट म्हणाला. "डोक्यात काही पडलं म्हणजे? माझ्याकडे बघा, काय होतं ते."

कोणी हसलं नाही. दोघा-तिघांनी हेल्मेट घातलं.

"ऐका. तो वरचा झाडू बँकेचा नाही. बँक बिअर देत होती. मी तेरविंटला सांगितलं देऊ नका. मला तुमच्यात येऊन असं बसायचं नव्हतं. त्याने शब्द पाळला. शिव्या खाल्ल्या, पण पाळला. झाडू माझा आहे. आता काढा."

तेरविंट साहेब लांब, आपल्या केबिनच्या दारात उभे होते. कूर्टने त्यांच्याकडे बघितलं, मग बुटांकडे. मी मनात म्हटलं, संपलं. आता हे हळूच म्हणतील, असू दे लामर्ट, असू दे. आणि हा घरी जाऊन पडदा लावेल, तो कायमचाच.

मग गर्दीच्या मागून सीमचा आवाज आला. हळू नाही. क्रेनवाला.

"म्हणजे बिअर लामर्टकडे लागली!"

"काय?" लामर्ट म्हणाला.

"काय म्हणजे? ज्याच्या नावाचा झाडू, त्याची बिअर! रीत म्हणजे रीत! तीन आठवडे आमचा घसा कोरडा ठेवलास, भामट्या! मी केकसुद्धा खाल्ला नाही तुझ्यापायी! चांगला सफरचंदाचा होता!"

"कावळ्यांनी सांगितलं वाटतं तुला?" कोणीतरी म्हणालं.

"आणि मला नावं ठेवायचा, फोलेंडामचे लोक चिकट म्हणून! हा बघा, हा! सहा महिने घरात दडून बसला, बिअर चुकवायला!"

आता मात्र हसू फुटलं. मला राहवेना. "अरे, काही लाज?" मी म्हटलं. "त्याच्या पेन्शनीत एवढ्या माणसांना…"

"गप बस, बेप," लामर्ट म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण मान सरळ होती. "त्यांचं बरोबर आहे. देणं लागतो मी."

"ऐकलंत? कबूल झाला!" कूर्ट म्हणाला, आणि मग तो सरळ तेरविंटकडे चालत गेला. तिथे काय बोलला ते ऐकू आलं नाही. त्याने हात पुढे केला, साहेबांनी धरला, आणि कूर्ट त्यांना दंडाला धरूनच घेऊन आला.

"मी पिंपं मागवू का?" साहेबांनी विचारलं. "बँकेची मंजुरी अजून…"

"बिअर माझी आहे," लामर्ट म्हणाला. "तुमच्या लोकांनी पुढच्या टॉवरला पाजावी. तुम्ही पहिला ग्लास घ्या. आणि काट्या-चमच्याने नका पिऊ."

साहेब हसले. नाकातच हसले, पण हसले.

तेवढ्यात सीमने बोट ओलं करून वर धरलं. "अरेच्चा," तो म्हणाला, "वारा पडला की!" आणि तुरुतुरु क्रेनकडे निघाला. अर्ध्या तासाने टोपली वरून खाली आली. सीमने ती अलगद आणून खुर्चीच्या बाजूला टेकवली. टोपलीतून वर गेलेल्या पोराने काढून आणलेला झाडू लामर्टच्या मांडीवर ठेवला. वर टोकाला झेंडा लागला होता. लामर्टने दांडा फिरवून फिरवून बघितला आणि मला दिला. "घे. आधी केबिन झाड. भिकाऱ्याची खोली करून ठेवलीस."

संध्याकाळी पिंपं आली. आमच्या सुट्टीसाठी साठवलेले पैसे, शेवटच्या गुल्डेनपर्यंत, त्यात गेले. गेले तर गेले. सगळे केबिनमध्ये दाटीवाटीने बसले. कूर्ट म्हणाला, "लामर्टला मधोमध…"

"मधोमध कशाला?" सीम ओरडला. "यजमान आहे तो! यजमानाने वाढायचं असतं! पिंपाशी बसवा त्याला!"

आणि बसवला. पिंप बरोबर त्याच्या छातीच्या उंचीला येत होतं. तो ग्लास भरायचा, सपाट पट्टी फिरवून वरचा फेस कापायचा, पुढे सरकवायचा. पहिल्या ग्लासांतली थोडी सांडली, चौथ्या-पाचव्या ग्लासानंतर नाही. त्याच्याकडे बघायला कोणाला फुरसत नव्हती. सगळे आपल्या ग्लासाकडे बघत होते, आणि उशीर झाला की त्याच्यावर ओरडत होते.

मी शेगडीपाशी उभी राहून रडले. लपवलं नाही, सगळ्यांदेखत रडले.

"मावशी, सूपात पडतंय," कूर्ट म्हणाला.

"पडू दे. मीठ कमीच आहे."

तिकडे सीमने आपला ग्लास दिव्याकडे धरला, डोळे बारीक केले आणि सगळ्या साइटला ऐकू जाईल असा म्हणाला, "अर्धा ग्लास नुसता फेस! लामर्ट, लेका, बँकेत लागलास काय?"

"रांगेत उभा राहा," लामर्ट म्हणाला, "मिळेल."